बिऱ्हाड गेलं, घर राहिलं

काचीगुड्यात जीवाश्म शोधायला निघालेल्या माणसाने छिन्नी-हातोडा घरीच ठेवावा. १९१६ साली निजामाच्या रेल्वेसाठी बांधलेलं घुमटांचं देखणं स्टेशन, अलीकडे निंबोळी अड्डा, पलीकडे बरकतपुरा, हा सगळा पसारा ग्रॅनाइटवर उभा आहे. हैदराबादचा हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर, वितळलेल्या रसातून थिजला. अशा दगडात शिंपला सापडायचा नाही. एक तर तो त्या आचेत टिकला नसता. आणि मुळात त्या काळी पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे कुणी राहतच नव्हतं.

पण याच भागातल्या जुन्या घरांत पायाखाली जी फरशी असते, तिची गोष्ट निराळी. शहाबादी नाही तर तांडूरची. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, तांडूर वाडी-सिकंदराबाद लोहमार्गावर. दोन्हीकडचा दगड भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. अजिंठा एक्सप्रेसने मनमाड-औरंगाबादकडून काचीगुड्याला उतरणाऱ्या माणसाला ती नवी नाही. मराठवाड्यातल्या वाड्यांची न्हाणीघरं, स्वयंपाकाचे ओटे, देवळांची पटांगणं आणि एसटीचे स्टँड याच फरशीने झाकलेले आहेत. घरातल्या बाईला विचारा, ती सांगेल की या फरशीवर लिंबू सांडू द्यायचं नाही, आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबातच नाही. पांढरट डाग पडतो आणि कितीही घासलं तरी जात नाही. जाणार कसा? आम्लाने तिथला गुळगुळीत थरच खाल्लेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाने काही होत नाही. चुनखडक आणि ग्रॅनाइट यांच्यातला फरक समजून घ्यायला याहून सोपा प्रयोग नाही, आणि पुढे जीवाश्मांच्या नशिबाचा विचार करताना हे लिंबू पुन्हा कामाला येणार आहे.

शहाबादी फरशी समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाची. समुद्र म्हटलं की शंख-शिंपले आलेच, असं वाटतं. तरी या फरश्या भिंगाखाली कितीही पालथ्या घातल्या तरी एकही शिंपला हाती लागत नाही. कारण हा गाळ साचला तेव्हा शिंपलेवाले प्राणी अजून यायचे होते. भीमेच्या याच खडकसमूहातल्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पापुद्रेदार खडकात, कार्बनच्या पातळ काळ्या चकत्या सापडल्या आहेत, तेव्हाच्या जीवांच्या एवढ्याच खुणा. समुद्र होता, जीव होते. पण घर बांधणारं कुणी नव्हतं, म्हणून मागे जवळजवळ काही राहिलं नाही. (दगडबाजारात ‘फॉसिल मिंट’ या झोकदार नावाने एक राजस्थानी फरशी मिळते. तिच्यावरची नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी पाहून गिऱ्हाईक हरखतं. ती नक्षी भेगांतून झिरपलेल्या पाण्याने आणलेल्या मँगनीज-लोहाच्या क्षारांची आहे. वनस्पतीशी तिचा काही संबंध नाही. विकणारा सांगत नाही, विकत घेणारा विचारत नाही.)

जीवाश्मांचा इतिहास हा मुळात घरांचा इतिहास आहे. बिऱ्हाड कसं होतं ते घरावरून ताडायचं. डायनोसॉरची हाडं, शिंपल्याचं कवच, दाताचं एनॅमल हे सगळं प्राण्याने स्वतःभोवती किंवा स्वतःच्या आत उभारलेलं बांधकाम. हैदराबादहून पश्चिमेला विकाराबादजवळ नासकल नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात सापडले आणि १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ हे नाव दिलं. नावातले हिस्लॉप म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, मध्य भारतातल्या जीवाश्मांचे पहिल्या फळीतले अभ्यासक. त्या प्राण्याचं नाक कसं होतं, अंगावर केस किती होते, काही ठाऊक नाही. ओळख पटली ती दातांवरून, आणि तेही मिलिमीटरच्या मापातले.

घर आणि बिऱ्हाड यांचा हा हिशोब ज्यांच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो, ते प्राणी म्हणजे ब्रायोझोआ. नाव अनोळखी, पण प्राणी पाहिलेले असतात. कोकणात खडकावरून कालवं काढतात, त्यांच्या जुन्या शिंपल्यावर कधी कधी पांढुरका, खरखरीत पापुद्रा बसलेला दिसतो. नखाने खरवडला तरी सहजी निघत नाही. गोदीतल्या खांबांवर, होड्यांच्या बुडावर, वाहून आलेल्या समुद्रशेवाळाच्या पानावरही तो असतो. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं की पापुद्र्याचं रूप पालटतं. लांबट, कडेला गोलसर अशा शेकडो कोठड्या एकमेकींना खेटून, ओळीत, एक ओळ दुसरीच्या सांध्यावर अशा बसवलेल्या. प्रत्येक कोठडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रत्येकीला एक दार. काहींच्या दाराला वरून झाकण, काहींच्या उंबऱ्याशी काटे. मधूनच एखादी फुगीर गोल खोली लागते. तीत अंडं वाढतं.

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला ही रचना समजावून सांगायची गरज नाही. भिंत दोघांची सामायिक, दार मात्र ज्याचं त्याचं. फरक एवढाच की या चाळीतली सगळी बिऱ्हाडं एकाच रहिवाशाची प्रतिरूपं असतात. समुद्रात पोहणारी एक अळी शिंपल्यावर बसते, स्वतःभोवती पहिली खोली बांधते, आणि मग तिच्या अंगाला कळ्या फुटून दुसरी, तिसरी, शंभरावी खोली तयार होते. प्रत्येक खोलीतल्या जिवाला जीवक म्हणतात. दार उघडून तो संस्पर्शकांचा मुकुट बाहेर काढतो. त्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह तयार होतो आणि त्यातून आलेलं सूक्ष्म अन्न तोंडात जातं. अन्नमार्ग इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वळलेला, म्हणजे तोंड आणि गुदद्वार दोन्ही दाराकडेच, मात्र गुदद्वार मुकुटाच्या बाहेर. कुणी जवळ आलं की मुकुट झटक्यात आत आणि दार बंद. खोल्या आतून जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाने खाल्लेलं थोडंफार शेजाऱ्याला पोचतं.

सगळे जीवक सारखे नसतात, ही यातली खरी गंमत. काहींनी खाणंपिणं सोडून पहारा धरलेला असतो. त्यांचं झाकण वाढून पक्ष्याच्या चोचीसारखं झालेलं असतं, आणि ती चोच अंगावर चढू पाहणाऱ्या किड्यांना धरते. त्यांच्या पोटाची सोय शेजारी करतात. काही खोल्या फक्त अंड्यांसाठी, काही निव्वळ आधाराला. शरीररचनेची ही विभागणी पाहून एकोणिसाव्या शतकातले निसर्गअभ्यासक चक्रावून गेले होते. डार्विनही त्यांत होता. एडिंबरोला विद्यार्थी असताना, १८२७ साली, त्याने तिथल्या विद्यार्थी-मंडळापुढे जी पहिली निरीक्षणं मांडली, त्यांत फ्लुस्ट्रा नावाच्या ब्रायोझोअनच्या अळ्यांची हालचाल होती.

आज समुद्रात आणि गोड्या पाण्यात ब्रायोझोआंच्या सहा हजारांवर जाती आहेत. जीवाश्मरूपात माहीत असलेल्या जाती पंधरा हजारांच्या घरात जातात. ही उलटी विषमता लक्षात घेण्यासारखी आहे. फुलपाखरांची, गांडुळांची, जेलीफिशची गणती केली तर जिवंत जाती ढिगाने आणि जीवाश्म हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. ब्रायोझोआंनी भिंती बांधल्या, त्याही कॅल्साइटच्या.

इथे लिंबाकडे परत येऊ. समुद्रातले प्राणी चुना दोन रूपांत वापरतात, कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट. रासायनिक घडण एकच, कॅल्शियम कार्बोनेट. स्फटिकांची मांडणी वेगळी. अ‍ॅरागोनाइट लवकर विरघळतं. मेलेलं कवच गाळात पुरलं गेलं की त्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहतं, आणि ते पाणी जरासं जरी आम्लधर्मी असलं तरी आधी अ‍ॅरागोनाइट जातं. म्हणून एकाच खडकात कॅल्साइटचं कालव जसंच्या तसं आणि शेजारी अ‍ॅरागोनाइटच्या शंखाची फक्त पोकळी, असं दृश्य अभ्यासकांना नेहमी भेटतं. बहुतेक ब्रायोझोआ कॅल्साइटवाले, काही अ‍ॅरागोनाइटवाले, आणि काहींच्या भिंतीत दोन्ही. अशा मिश्र भिंतीचा वरचा थर जीवाश्मात गायब असतो. मग जातीची ओळख ज्या नक्षीवरून पटवायची तीच नेमकी गेलेली असते, आणि तज्ज्ञाला आतल्या अस्तरावर भागवावं लागतं.

बाकी घटना क्रमाने अशा घडतात. जीवक मेला की त्याचा मऊ भाग काही दिवसांत कुजतो. दाराचं झाकण आणि पडदे कायटिनचे असतात, तेही टिकत नाहीत. रिकाम्या खोल्या उरतात. लाटा वसाहतीचे तुकडे करतात, शेवाळं आणि स्पंज त्यांना भोकं पाडतात. लवकर गाळाखाली गेलं तर वाचलं. पुढे खोल्यांत बारीक चिखल शिरतो, नाही तर झिरपणाऱ्या पाण्यातून स्वच्छ कॅल्साइटचे स्फटिक वाढून त्या भरून टाकतात. भरलेली खोली वरच्या गाळाच्या भाराखाली चेंबत नाही. मग शेकडो मीटर गाळाखाली दबून खडक व्हायचं, जमीन वर उचलली जायची, नदीने वरचं सगळं कापून काढायचं. यातली एक पायरी चुकली की संपलं.

मऊ भाग टिकत नाही, या नियमाला एक अपवाद आहे. जिवंत ब्रायोझोअनच्या खोलीतला जीवक अधूनमधून विरघळतो, त्याची एक तपकिरी गोळी होते, आणि त्याच खोलीत नवा जीवक तयार होतो. घर तेच, बिऱ्हाड नवं. जुन्या गटांच्या काही जीवाश्मांत, दगडाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर, खोल्यांत लोहामुळे तपकिरी झालेले ठिपके दिसतात. ते याच गोळ्यांचे अवशेष असावेत असं मानलं जातं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भाडेकरूची एवढीच मालमत्ता.

आता आपल्या मुलखात हे कुठे पाहायचं? महाराष्ट्राचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या लाव्हाने झाकला आहे, म्हणजे काळ्या कातळात सागरी जीवाश्म शोधणं काचीगुड्याच्या ग्रॅनाइटइतकंच फोल. पण जिथे नर्मदेने आणि तिच्या उपनद्यांनी हा कातळ कापला, तिथे खालचा समुद्र उघडा पडला. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातलं बाघ हे त्यातलं प्रसिद्ध ठिकाण. धार म्हणजे पवारांचं संस्थान, इंदूर-धारच्या मराठी घरांना हा मुलूख परका नाही. बाघच्या लेण्यांतली चित्रं आणि बाघ छपाईचं कापड तर सगळ्यांना माहीत. त्याच गावच्या नावाने ओळखले जाणारे ‘बाघ थर’ सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. पश्चिमेकडून आलेली समुद्राची एक चिंचोळी जीभ तेव्हा नर्मदेच्या खोऱ्यात शिरली होती.

या थरांतल्या वरच्या, पिवळट-तांबूस चुनखडकाला एकोणिसाव्या शतकात ‘कोरलाइन लाइमस्टोन’ हे नाव पडलं. प्रमथनाथ बोस यांच्या १८८४ च्या नर्मदा खोऱ्यावरच्या निबंधात ते आहे. (हेच बोस पुढे मयूरभंजचं लोहखनिज शोधून टाटांच्या पोलाद कारखान्याला निमित्त झाले.) नाव वाचून वाटतं, दगड प्रवाळांचा असणार. प्रत्यक्षात तो आहे ब्रायोझोआंच्या मोडक्या वसाहतींचा. चिरखान, मनावरकडच्या दगडाचा ताजा फुटलेला तुकडा भिंगाखाली धरला की तांदळाच्या कणीएवढ्या काड्या दिसतात, काही दुभंगलेल्या फांद्या, काही चपट्या पट्ट्या, आणि प्रत्येकीच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. आडव्या तुटलेल्या काडीत भोकं मध्याकडून बाहेरच्या अंगाला वळत गेलेली दिसतात. थरांची मांडणी तिरपी, म्हणजे तळाशी प्रवाह जोरात होता आणि तो हे तुकडे लोटत, ढीग करत नेत होता. ब्रायोझोआ त्या समुद्रात जगले, पण आज ज्या जागी सापडतात तिथेच जगले असं नाही. दगड वाचताना ही खबरदारी घ्यावीच लागते. वाहून आलेला तुकडा आणि जागेवरचं घर यांत फरक करता आला नाही तर सगळा भूगोल चुकतो.

बाघच्या ब्रायोझोआंचं पद्धतशीर वर्णन करणाऱ्यांत एक मराठी नाव पुढे आहे, जी. डब्ल्यू. चिपळूणकर. त्यांचा या विषयावरचा निबंध १९३९ साली इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. पुढे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले. १९४६ साली सुरू झालेली आणि १९९२ पासून संस्थापक शं. पु. आघारकरांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था. तिथल्या जीवाश्मशास्त्र विभागातून बाघच्या शिंपल्यांवर, अमोनाइटांवर, सागरी अर्चिनांवर बरंच काम झालं. बाघच्या परिसरात पुढे डायनोसॉरची अंडी मिळाली, त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली, राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या दगडाचं सबंध अंग ब्रायोझोआंचं आहे, त्याकडे ढुंकून पाहणारा विरळा, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अंडी शोधायला नशीब लागतं, हे तर कुठलाही धोंडा उचला, हातात येतात.

देशात इतरत्रही त्यांच्या वसाहती आहेत. काश्मीरच्या लिद्दर खोऱ्यातल्या कार्बनी कल्पातल्या एका शेलला ‘फेनेस्टेला शेल’ असं ब्रायोझोअनचंच नाव आहे. फेनेस्टेलाची वसाहत म्हणजे उभी जाळी; त्या शेलमध्ये अनेकदा मूळ चुना विरघळून गेलेला असतो आणि नुसता जाळीचा ठसा उरलेला असतो. तमिळनाडूतल्या अरियलूरकडच्या क्रिटेशस खडकांतल्या ब्रायोझोआंवर फर्डिनांड स्टोलिचका यांनी १८७० च्या दशकातच लिहिलं होतं. आणि पश्चिम कच्छमधल्या त्याहून अलीकडच्या थरांतले ब्रायोझोआ अभ्यासले ते आपल्या औरंगाबादच्या शासकीय विज्ञान संस्थेतल्या एम. ए. सोनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. समुद्रापासून इतक्या लांबच्या, लाव्हाच्या कातळावर वसलेल्या गावात बसून, अर्ध्या मिलिमीटरच्या कोठड्यांची दारं मोजणं हा उद्योग मला फार आवडतो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा वाहत होता, त्या सुमारास डायनोसॉर संपले. त्यानंतरच्या लगेचच्या काळात डेन्मार्कच्या समुद्रतळावर ब्रायोझोआ टेकाडं रचत होते. स्टेवन्स क्लिंटच्या कड्यात महाविनाशाच्या वेळी साचलेला मातीचा पातळ काळपट थर दिसतो आणि त्याच्या वर ब्रायोझोआंच्या चुनखडकाचे बुटके उंचवटे, एकावर एक. त्यांनाही विनाशाची झळ लागली, पण घर बांधायचा धंदा थांबला नाही.

घरांवरून आणखी एक गोष्ट कळते, जी बाकीचे जीवाश्म सहसा सांगत नाहीत: भांडणं. शिंपल्याची जागा मर्यादित. दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की एक दुसरीवर चढते आणि खालच्या दारांची तोंडं बुजवते. ही चढाई दगडात गोठून राहते. कोण वर, कोण खाली, हे भिंगाने दिसतं. फ्रँक मॅकिनी या अमेरिकी अभ्यासकाने गेल्या दहा कोटी वर्षांतल्या अशा शेकडो लढती तपासून १९९५ साली निष्कर्ष मांडला. सायक्लोस्टोम हा जुना गट, चिलोस्टोम हा नवा. साधारण तीनपैकी दोन लढती नवे जिंकतात. विशेष हे की हे प्रमाण दहा कोटी वर्षांत फारसं बदललेलं नाही. जुने हरत राहिले आणि तरीही टिकून राहिले. आजही समुद्रात सायक्लोस्टोम आहेत. सतत हरणारा नामशेष होतो, ही आपली समजूत शिंपल्याच्या पाठीवर लागू पडत नाही.

ज्यांनी भिंती बांधल्याच नाहीत, त्यांचं काय झालं? टेनोस्टोम नावाच्या ब्रायोझोआंचं अंग नुसतं पडद्याचं. त्यांच्या वाट्याला विस्मरणच यायचं. पण काही वेळा असं घडलं की शिंपल्यावर टेनोस्टोमची वसाहत पसरलेली असताना एखादं कालव तिच्यावर वाढलं. कालवाचं कवच खालच्या पृष्ठभागाचा हुबेहूब ठसा घेत वाढतं. खालचा मऊ प्राणी कुजून गेला. कालवाच्या बुडाशी त्याच्या प्रत्येक खोलीचा, प्रत्येक सांध्याचा साचा राहिला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पॉल टेलर यांनी ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातले असे साचे बारकाईने अभ्यासले. असा जीवाश्म शोधायचा तर कालव उलटं करून पाहावं लागतं, आणि बहुतेक संग्राहक कालव उलटं करत नाहीत. काही टेनोस्टोम तर शिंपल्यात भोकं पाडून आतच राहतात. त्यांची भोकं टिकली.

गोड्या पाण्यातल्या ब्रायोझोआंची कथा आणखी वेगळी, आणि तिचा एक धागा मुंबईतून निघतो. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला डॉक्टर. वैद्यकीच्या जोडीला तळ्यांतले स्पंज आणि ब्रायोझोआ पाहायचा त्याला नाद होता. मुंबई बेटाच्या भूशास्त्रावरही त्याने लिहिलं. १८५९ साली त्याने स्पंज आणि ब्रायोझोआ यांच्या बियांसारख्या पुटकुळ्यांची तुलना करणारा लेख प्रसिद्ध केला. त्याने मुंबईत पाहिलेल्या एका ब्रायोझोअनला १८६६ मध्ये हायट या अमेरिकी शास्त्रज्ञाने कार्टरचं नाव दिलं. आज तो ‘लोफोपोडेला कार्टेरी’ म्हणून ओळखला जातो. त्याची वसाहत म्हणजे पारदर्शक, बुळबुळीत गोळा. चुना नाही, भिंत नाही. प्रतिकूल काळात मात्र तो स्टॅटोब्लास्ट नावाच्या चिवट, काटेरी कडांच्या गोळ्या सोडतो. त्या कोरड्या पडल्या, गारठल्या, बदकाच्या पायाला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेल्या तरी जगतात. हा मुंबईकर पुढे पाणवनस्पतींबरोबर बहुधा माणसांच्याच हाताने जगभर गेला आणि १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ईरी सरोवरात सापडला. एवढा प्रवास करूनही खडकात त्याच्या नातलगांची नोंद अगदी तुरळक आहे, आणि जी आहे ती स्टॅटोब्लास्टचीच. अंग गेलं, बी टिकलं. हैदराबादचा हुसेनसागर तलाव उद्या आटून दगड झाला, तर त्यात काय सापडेल याचा अंदाज यावरून करता येतो.

आता सगळ्यात जुन्या प्रश्नाकडे. ब्रायोझोआ आले कधी? खात्रीचे सर्वांत जुने जीवाश्म ऑर्डोव्हिशियन कल्पाच्या सुरुवातीचे, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे. कवच असलेल्या प्राण्यांचे बाकी सगळे मोठे गट मात्र त्याआधीच्या कँब्रियनमध्ये हजर होते. एकटे ब्रायोझोआ उशिरा का आले, हे कोडं जुनं आहे. २०२१ साली ‘नेचर’मध्ये बातमी आली की चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या कँब्रियन खडकांतला ‘प्रोटोमेलिसिऑन’ हा ब्रायोझोअन आहे. एकाला एक खेटलेल्या खोल्या, तीच मांडणी. सगळ्यांना हायसं वाटलं. २०२३ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने अधिक चांगले नमुने दाखवून सांगितलं की हे हिरवं शेवाळ असावं. खोल्या होत्या, पण त्यांत प्राणी राहत होते याला पुरावा नव्हता. त्याआधी मेक्सिकोतल्या उत्तर-कँब्रियन ‘पायवॅकिया’चंही असंच झालं होतं, २०१० मध्ये ब्रायोझोअन म्हणून जाहीर, २०१३ मध्ये प्रवाळाच्या कुळातला असल्याचा आक्षेप.

जनुकांच्या अंदाजावरून ब्रायोझोआंचे पूर्वज कँब्रियनमध्ये असायला हवेत. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ते होतेच, टेनोस्टोमसारखे, पडद्याच्या अंगाचे, चुन्याचा हव्यास नसलेले. तसं असेल तर चुनखडकांतली कितीही घरं उलथीपालथी केली तरी त्यांचा पत्ता लागायचा नाही. कँब्रियनमध्ये कालवं नव्हती, पण शिंपल्यासारखी कवचं असलेले ब्रॅकिओपॉड मुबलक होते. त्यांपैकी कुणाच्या तरी खालच्या बाजूला कुठे तरी एखादा साचा असू शकतो. संग्रहालयांच्या खणांत ते ब्रॅकिओपॉड भरलेले आहेत, आणि बहुतेकांची वरची बाजूच पाहून झालेली आहे.